वाटेत अडकलेला कौल

परबांच्या घरी रविवारी दुपारी पेढे आले आणि दिवेलागणीच्या आत डबा रिकामा झाला. प्रांजलचे बाबा, राजेश परब, एरवी गोडाकडे बघायचेही नाहीत. साखरेची गोळी चालू, वर बायकोचा पहारा. पण त्या दिवशी ते येता-जाता डब्यात हात घालत राहिले आणि जानकीने एका शब्दाने हटकलं नाही. कारणच तसं होतं. गावच्या देवीने उजवा कौल दिला होता. प्रांजलचं लग्न मिथुन खिल्लारेशी होणार होतं.

कौल म्हणजे काय, हे परबांच्या घरात कुणाला समजवावं लागत नाही. मिथुनला मात्र प्रांजलने समोर बसवून समजावलं होतं. देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा आणि सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. आणि एकदा उत्तर मिळालं की तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. "देवी काय बहिरी नाय," असं प्रांजलचे आजोबा, धोंडू परब, म्हणायचे. गिरणी बंद पडली तेव्हा गावी परतावं का, असं त्यांनी देवीला विचारलं होतं. डावी पाकळी पडली, म्हणून आजोबा मुंबईत राहिले, म्हणून परब आज साकीनाक्याजवळ असल्फ्याला आहेत, म्हणून प्रांजल इंजिनियर झाली आणि म्हणून तिला मिथुन भेटला. या हिशोबाने मिथुनला देवीनेच धाडलं होतं. पण हा हिशोब घरात मांडून दाखवायची प्रांजलची हिंमत नव्हती.

मिथुनने सगळं नीट ऐकून घेतलं. त्याचं घर मूळ हिंगोलीकडचं, आता मुलुंडला. बौद्ध घर, पत्रिका नाही, मुहूर्त नाही, नवस नाही. त्याची आई द्रौपदीबाई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिने प्रांजलला एका चहात पसंत केलं होतं. "तुला स्वयंपाक येत नाही म्हणे? यालाही येत नाही. दोघं मिळून शिका," एवढीच तिची अट.

"आणि मला बघून तुझ्या बाबांना काय वाटलं?" मिथुनने विचारलं. "तेपण पाकळीच सांगणार का?"

बाबांनी ते कधी सांगितलंच नव्हतं. मिथुन घरी येऊन गेला, जेवून गेला, बाबांच्या कारखान्यातल्या पुठ्ठा कापायच्या मशीनबद्दल बाबांशी भरपूर गप्पा मारून गेला. बाबा खूश दिसले. तो गेल्यावर म्हणाले, "बघू. देवीला विचारू." गावात भाऊकी होती. जातीबाहेरचं लग्न, त्यात मुलगा बौद्ध म्हटल्यावर भाऊकी काय बोलेल, ते बाबांना मरोळच्या कारखान्यात उभं राहूनसुद्धा ऐकू येत होतं. म्हणून त्यांनी देवीला पुढे केलं. माणसं असंच करतात. देवाच्या मागे उभं राहिलं की आपलं तोंड दिसत नाही.

विचारायचं ते 'पोच'वरून विचारलं. 'पोच' हे ॲप प्रांजलच्या कंपनीचं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका जुन्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर ही छोटी कंपनी होती. लिफ्ट दुरुस्त करणारे, तळघरात वायरी ओढणारे, अशांसाठी ती निरोपांचं ॲप बनवत होती. या लोकांना रेंज कधी असते, कधी नसते. काहीही झालं तरी निरोप हरवायचा नाही, हे 'पोच'चं ब्रीद. रेंज नसेल तर निरोप फोनमध्येच थांबतो आणि शेजारी घड्याळाचं चित्र दिसतं. रेंज आली की आपोआप निघतो. सर्व्हरला मिळाला की एक टिक, समोरच्याला मिळाला की दोन. मध्येच तुटलं तर पुन्हा प्रयत्न, तरी तुटलं तर पुन्हा. कमजोर नेटवर्कचा हा सगळा भाग प्रांजल आणि मिथुनने मिळून लिहिला होता, आणि लिहिताना भांडता भांडता दोघं प्रेमात पडले होते.

असल्या ॲपची खरी परीक्षा मुंबईत बसून होत नाही. म्हणून गणपतीत गावी गेली तेव्हा प्रांजलने सीतारामकाकांच्या फोनमध्ये 'पोच' टाकून दिलं. सीतारामकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, गावीच राहणारे, देवळाचं सगळं बघणारे. गाव घळीत वसलेलं. खाली रेंजचं नाव नाही. वर सड्यावर, उघड्या कातळावर चढून गेलं तर एखादी काडी दिसते. याहून वाईट नेटवर्क शोधूनही सापडलं नसतं. तिने 'परब मंडळी' नावाचा गट केला. त्यात आई, बाबा, ती, काका आणि भाऊकीतली बाकीची मंडळी.

बाबांनी त्या गटात लिहिलं, 'सीतारामा, प्रांजलच्या लग्नाचो कौल लाव.' काही दिवस सामसूम. मग बाबांचा तोच निरोप गटात दुसऱ्यांदा दिसला, अक्षरन् अक्षर तोच. आणि रविवारी काकांचं उत्तर आलं, 'कौल उजवो. देवीन होय म्हटल्यान.'

"माझा निरोप दोनदा कसा गं गेला?" बाबा पेढा तोंडात टाकत म्हणाले होते. "तुझं पोच बिघडलंय बहुतेक. बघ जरा."

सगळे हसले. प्रांजलही हसली, पण तिला ते लागलं. एकच निरोप दोनदा जाणं हा तिच्या कामातला सगळ्यात लाजिरवाणा दोष. सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या तिने आधी तेच उघडलं.

आणि तिथे तिला भलतंच दिसलं. 'पोच'मध्ये प्रत्येक माणसाच्या निरोपांना ओळीने क्रमांक पडतात. काकांचा बारावा निरोप जुना, काजूच्या मोहोराबद्दलचा. कौलाचा निरोप चौदावा. तेरावा नव्हताच. म्हणजे काकांनी तो पाठवला होता, पण तो पोचला नव्हता. अजून त्यांच्या फोनमध्ये धडपडत होता.

असं होऊ शकतं, याचं कारण तिला तोंडपाठ होतं, कारण ते तिनेच केलं होतं. मिथुनचं म्हणणं होतं, तेरावा आल्याशिवाय चौदावा दाखवू नये. माणूस ज्या क्रमाने बोलला त्याच क्रमाने ते ऐकू आलं पाहिजे. प्रांजल म्हणाली होती, "आणि तेरावा मोठा फोटो असला, वाटेत अडकला, आणि चौदाव्यात 'मी लिफ्टमध्ये अडकलोय' असं असलं तर? दाबून ठेवायचं?" तिचं म्हणणं टिकलं. मग मिथुनने निदान मध्ये एक बारीक ओळ टाकली, 'इथला एक निरोप यायचा आहे.' ती ओळ बघून वापरणारे घाबरायला लागले, कंपनीत फोनवर फोन करायला लागले. प्रांजलने ती ओळही काढून टाकली.

तेरावा निरोप फोटोच होता. मोठे फोटो 'पोच' तुकडे करून पाठवतं, त्यातले वरचे तुकडे सर्व्हरवर येऊन बसले होते. घरचा गट चाचणीतला, त्यामुळे तिला ते उघडून बघता येत होते. दुसऱ्याचा न पोचलेला निरोप आधीच उघडणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. तिने उघडला.

अर्धाच फोटो. समईचा पिवळा उजेड, देवीचं तोंड, दोन खांदे. त्याखाली नुसता करडा रंग. फोटोत उजव्या हाताला दिसणारा खांदा मोकळा होता. डाव्या हाताच्या खांद्यावर पाकळी तशीच चिकटलेली. प्रांजलच्या जिवात जीव आला. उजवीच पडली, बरोबर आहे. आणि मग तिला आठवलं की कौलात बाजू धरायची ती देवीची, बघणाऱ्याची नाही. देवी आपल्याकडे तोंड करून बसलेली. आपल्याला उजवीकडे दिसतो तो तिचा डावा खांदा.

डावी पाकळी पडली होती.

सगळं तिला एकदम उलगडलं. देवीने आधी नाही म्हटलं होतं. काकांनी त्याचा फोटो धाडला, तो वाटेत अडकला. तेवढ्यात 'पोच'ने बाबांचा निरोप दुसऱ्यांदा पोचवला. काकांना वाटलं, मुंबईवाले पुन्हा विचारायला सांगतायत. त्यांनी पुन्हा कौल लावला आणि या खेपेला उजवी पडली. ज्या उत्तरावर घरात पेढे वाटले, ते उत्तर तिच्या चुकीतून निघालेलं होतं.

प्रांजल काही देवभोळी नव्हती. पण प्रश्न तिच्या मानण्याचा नव्हताच. आई मानत होती, बाबा मानत होते, आणि त्या एका 'होय'वर बाबांनी मान डोलावली होती. ते काढून घेतलं की खाली काय उरतं, याचा विचार करायचीसुद्धा तिला भीती वाटली.

एक छोटी आज्ञा लिहिली असती तर काकांच्या फोनला वाटलं असतं की फोटो पोचला, आणि इकडे तो कचऱ्यात गेला असता. खरं तर तेवढंही करायची गरज नव्हती. उशिरा आलेला निरोप 'पोच' त्याच्या मूळ जागी नेऊन बसवतं, म्हणजे चौदाव्याच्या वर. वाचून झालेल्या निरोपांच्या वर कोण बघायला जातं? पण येत्या शनिवारी काका तालुक्याला बाजाराला जाणार होते, तिथे रेंज चांगली, आणि भाऊकीत असल्या गोष्टी हुडकणारा एखादा रिकामटेकडा असतोच. ती बराच वेळ नुसती कीबोर्डवर हात ठेवून बसली.

मग तिने मिथुनला गच्चीवर नेलं. खाली कारखान्यांचे पत्रे तापलेले, कुठून तरी प्लास्टिक वितळल्याचा वास. तिने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "पुसून टाकू? कुणाला कळणार नाही."

मिथुन हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "म्हणजे देवीने मला नापास केलं आणि आपल्या बगमुळे मी पास झालो. झकास."

"असं नको ना बोलू."

"मग कसं बोलू? ऐक, प्रांजल. डावी पडो नाही तर उजवी पडो, मला फरक पडत नाही. मी ते मानतच नाही. पण तू तो फोटो पुसलास ना, तर मला फरक पडेल. मी तुमच्याकडे जेवायला बसेन तेव्हा दर वेळी वाटणार, एक निरोप हरवला म्हणून हे ताट मिळतंय. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर कुणी वरून ओतलं तर पाणी मिळायचं. कुणी आलंच नाही तर थांबायचे. मला असं कुणाच्या चुकीने, चोरून आत नाही यायचं यार."

"आणि बाबा नाही म्हणाले तर? वाट लागेल आपली."

"म्हणू देत. पण एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणू देत. हो म्हणा, नाही म्हणा, माणसाने म्हणावं."

प्रांजलला रडू फुटलं. त्याचा राग आला, कारण तो बरोबर होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त आला. मिथुनने तिला रडू दिलं. त्याला समजूत घालता येत नसे. त्याला दुरुस्ती करता येई. थोड्या वेळाने तो म्हणाला, "चल, तो दोनदा गेलेला निरोप दाखव मला. तो दोष आपण पावसाळ्यातच काढला होता ना. परत आला कसा?"

खाली येऊन दोघांनी बाबांचे दोन्ही निरोप शेजारी शेजारी लावले. माणसाने 'पाठव' दाबलं की त्या निरोपाला एक खूण मिळते. मग ॲपने तोच निरोप कितीदाही पुन्हा पाठवला तरी खूण बदलत नाही. समोरचा फोन खूण ओळखतो आणि जास्तीची प्रत टाकून देतो. बाबांच्या दोन निरोपांच्या खुणा वेगळ्या होत्या.

"हे ॲपने केलेलं नाही," मिथुन म्हणाला. "तुझ्या बाबांनी दोनदा पाठवलंय. मुद्दाम."

"उत्तर आलं नाही म्हणून पाठवलं असेल."

"असेल. पण मग तुला का सांगितलं, ॲप बिघडलंय म्हणून?"

बाबांचा कारखाना पलीकडच्या गल्लीत. सकाळी बाप-लेक एकाच शेअर रिक्षाने यायचे आणि नाक्यावर वेगळे व्हायचे. चहाच्या सुट्टीला प्रांजल तिथे जाऊन उभी राहिली. बाबा बाहेर आले, अंगावर पुठ्ठ्याचा भुगा, हातात कटिंगचा ग्लास. तिला बघून आधी खूश झाले आणि तिचा चेहरा बघून थांबले.

"काकांनी एक फोटो पाठवलाय, बाबा," ती म्हणाली. "अडकलाय. अर्धा आलाय. मी बघितला."

बाबांनी ग्लासात बघितलं. "डावी पडलेली," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सीतारामाने सड्यावरून फोन केलेला. फोटो जात नाय म्हणाला. आवाज तुटत होता, पण तेवढं ऐकू आलं. 'राजेश, कौल डावो पडलो रे.'" बाबा रस्त्याकडे बघत बोलत होते. "इथेच उभा होतो मी, मशीन बंद करून. खरं सांगू? मला वाटलेलं, देवी नाही म्हणाली तर मी सुटलो. भाऊकीला तोंड द्यायला नको. तुला सांगायला मोकळा, की बाय, माझ्या हातात काय आहे? आणि ती खरंच नाही म्हणाली, तर मला मशीन परत चालू करायचंच सुचेना. म्हटलं, हे काय झालं. तेव्हा कळलं मला, मला काय हवं होतं ते."

"म्हणून परत विचारायला लावलंत."

"सीताराम तयार नव्हता. म्हणाला, ती काय बहिरी? मी म्हटलं, मी गटात परत लिहितो, तू लाव. पाप माझ्या माथी. मग तुझ्या आईने विचारलं, निरोप दोनदा कसा, तर तोंडातून निघून गेलं, ॲपचं असेल."

"मला वाटलं माझी चूक. तो फोटो मी पुसणार होते, बाबा."

"मग पूस," बाबा म्हणाले. फार पटकन म्हणाले.

"मिथुन नको म्हणाला." आणि मग तिने मिथुनचं बोलणं त्यांना जसंच्या तसं सांगितलं. ताटाचं सांगितलं. विहिरीचं सांगितलं. वरून ओतलेल्या पाण्याचं सांगणंही तिने टाळलं नाही.

बाबांचा चहा तसाच राहिला. "जेवायला आलेला तेव्हा स्वतःचं ताट स्वतः घासून गेला तो," ते शेवटी म्हणाले. "मी नको म्हटलं नाही." आत भोंगा झाला. ते ग्लास टपरीच्या फळीवर ठेवून आत गेले.

ना होकार, ना नकार. परत गप्प! प्रांजल इतकी चिडली की ऑफिसात जाऊन तिने कुणालाही न विचारता एक काम केलं. मिथुनची ती बारीक ओळ पुन्हा चालू केली. आधी चाचणीच्या गटात, म्हणजे घरच्याच. तेव्हापासून 'परब मंडळी'त प्रत्येकाच्या फोनवर, काजूच्या मोहोराच्या खाली आणि उजव्या कौलाच्या वर, एक ओळ दिसायला लागली: 'इथला एक निरोप यायचा आहे.'

"खयचो निरोप?" भाऊकीतल्या एकाने लगेच विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. आईने दोनदा विचारलं, "काय गं ते?" प्रांजल म्हणाली, "येईल तेव्हा कळेल." बाबा तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. आठवडाभर ती ओळ घरात एखाद्या न बोलणाऱ्या पाहुण्यासारखी बसून होती, आणि तिच्याकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं. मिथुनने विचारलं नाही, काय झालं म्हणून. तेही प्रांजलला जड गेलं.

शनिवारी काका बाजाराला गेले.

परबांची इमारत डोंगराला पाठ लावून उभी. आतल्या खोल्यांत रेंज येत नाही, म्हणून सगळे फोन गॅलरीतल्या फळीवर ठेवायची पद्धत. दुपारी कपडे वाळत घालताना जानकीने फोन उचलला आणि ती ओळ गेलेली तिला दिसली. तिच्या जागी फोटो होता, अख्खा. खाली देवीच्या पायाशी पडलेली पाकळीसुद्धा स्पष्ट. जानकीला बाजू शिकवाव्या लागत नाहीत.

"अहो," ती आत येत म्हणाली, "ही डावी पडलीय."

"हो," बाबा म्हणाले.

"कधी?"

"आधी. पेढ्यांच्या आधी. मला माहीत होतं. मी परत लावायला सांगितला."

जानकी हातातल्या ओल्या टॉवेलसकट खुर्चीत बसली. "मी देवीची ओटी बोलून बसलेय," ती म्हणाली. "तुम्ही देवीला फसवलंत?"

"देवीला कोण फसवणार? तिने तोंडावर सांगितलं. फसवलं ते तुम्हाला." बाबा थांबले. "आणि त्या पोराला."

जानकी उठून स्वयंपाकघरात गेली आणि आतून भांड्यांचे आवाज यायला लागले, नको तेवढे मोठे. गॅलरीत फोन वाजत सुटले. 'ह्या काय रे राजेश?' 'डावो कौल आणि पेढे खाल्लास?' 'आता लग्नाचा काय?' प्रांजल दाराला टेकून उभी होती. तिला खूप काही बोलायचं होतं, आणि तिने ठरवून तोंड बंद ठेवलं. या वेळी बोलायची पाळी तिची नव्हती.

बाबांनी फोन आत आणला, चष्मा लावला आणि पलंगाच्या कडेवर बसून एका बोटाने लिहायला लागले. गटात नेहमी मालवणीत लिहिणारे बाबा आज अर्जात लिहितात तसं लिहीत होते. एक शब्द लिहायचे, खोडायचे, परत लिहायचे. पूर्ण झाल्यावर त्यांनी फोन प्रांजलपुढे धरला.

'पहिला कौल डावा पडला होता. मला माहीत होते. तरीही प्रांजलचे लग्न मिथुन खिल्लारे यांच्याशी करण्याचे मी ठरविले आहे. हा निर्णय माझा आहे, देवीचा नव्हे. कोणास बोलायचे असल्यास माझ्याशी बोलावे. राजेश धोंडू परब.'

तिने तो दोनदा वाचून परत दिला. त्यांनी 'पाठव' दाबलं.

निरोपाशेजारी घड्याळाचं चित्र आलं आणि तिथेच राहिलं. आतल्या खोलीतून तो जाणार नव्हताच. बाबा फोन हातात धरून उभे राहिले. घड्याळ असेपर्यंत निरोपावर बोट दाबून धरलं की तो मागे घेता येतो, हे प्रांजलला ठाऊक होतं, कारण ती सोय तिनेच ठेवली होती. बाबांनाही ठाऊक होतं. तिनेच शिकवलं होतं. त्यांचं बोट काचेपासून जरा वर थांबलेलं तिला दिसत होतं. ती हलली नाही.

स्वयंपाकघरातले आवाज थांबले.

"तिथे काय उभे राहिलात?" जानकी आतूनच म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. "गॅलरीत जा. आतून जात नाही ते."

बाबांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग ते गॅलरीत गेले, वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून, कठड्यापर्यंत. प्रांजल त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. घड्याळ गेलं. एक टिक आली.

"दुसरी यायला वेळ लागेल," ती म्हणाली. "काका बाजारातून परत घळीत उतरले असतील."

"येईल तेव्हा येईल," बाबा म्हणाले. "मिथुनचा नंबर लाव."

"त्याला हाच निरोप पाठवते ना मी, बाबा."

"निरोप नको. लाव फोन. तोंडाने सांगतो."

तिने नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे रिंग वाजत होती, आणि बाबा काय बोलायचं ते ओठांतल्या ओठांत जुळवत होते.